सर्वांत वाईट पेशवा कोण ?

इंग्रजांच्या इतिहासप्रेमी मंडळींत एक वाद कधींच संपत नाहीं : आपला सर्वांत नालायक राजा कोणता ? कोणी जॉनचें नांव घेतो, कोणी दुसऱ्या रिचर्डचें, कोणी दुसऱ्या जेम्सचें. आपल्याकडे हा वाद उभाच राहत नाहीं. दुसरा बाजीराव ‘पळपुटा’, आणि या एका विशेषणांत फिर्याद, पुरावा व शिक्षा हीं तिन्हीं उरकलीं जातात. आमची तक्रार निकालाविरुद्ध नसून आरोपपत्राविरुद्ध आहे.

पळणें हाच गुन्हा असता, तर १६८९ मध्यें रायगड सोडून जिंजीस गेलेल्या राजाराम महाराजांनाही तो लावावा लागेल. पण त्या प्रयाणामुळेंच राज्य तगलें. मनुष्य कोठून पळाला यापेक्षां तो कोणाच्या दारांत जाऊन उभा राहिला, हें पाहिलें पाहिजे. १८०१ मध्यें बाजीरावानें विठोजी होळकरास हत्तीच्या पायीं दिलें. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं विठोजीचा भाऊ यशवंतराव पुण्याजवळ विजयी झाला, तेव्हां बाजीराव वसईस इंग्रजांच्या आश्रयास गेला. आणि ३१ डिसेंबरच्या तहानें कंपनीची सहा हजार पायदळ फौज पदरीं घेऊन तिच्या खर्चासाठीं २६ लाखांचा मुलूख तोडून देण्याचें त्यानें कबूल केलें.

यावर रघुनाथरावाचें नांव पुढें येईल, आणि तें यावेंही. सुरतेस १७७५ मध्यें साष्टी व वसई देऊं करून इंग्रजांना घरांत बोलावण्याचा पायंडा त्यानेंच पाडला. शिवाय ३० ऑगस्ट १७७३ चा नारायणरावाचा खून आहेच. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’नें १९०९ मध्यें तो रंगभूमीवर आणला. पण रंगभूमीला खून मानवतो, तसा महालाचा लिलाव मानवत नाहीं. म्हणून आपल्या मनांतील दुष्ट पेशव्याच्या हातीं नेहमीं खंजीर असतो, वहीखातें कधींच नसतें. राघोबाच्या दुष्कृत्यांस तोंड देणारीं माणसें तरी त्या काळीं होतीं : न्यायासनावर रामशास्त्री, कारभारांत बारभाई, रणांत महादजी. १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्याचा दावा निकालांत निघाला. बाजीरावानें अशीं माणसें जवळ टिकूं दिलीं नाहींत. १७९८ मध्यें शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानें पैशासाठीं पुणें पिळून काढलें, तेंही पेशव्याच्या संमतीनें.

वहीखात्यांतील प्रकरण असें. मामलत पूर्वीं कामाविसदाराच्या हातीं असे व त्याच्या कारभारावर हुजुरांतून कांहीं तरी देखरेख राही. बाजीरावाच्या अमदानींत ती अधिक पैसे बोलणाऱ्यास इजाऱ्यानें मिळूं लागली. इजारदार पोटइजारा देई, आणि शेवटीं सारा भार कुणब्याच्या पाठीवर येई. एल्फिन्स्टननें आपल्या १८१९ च्या अहवालांत हें वर्णिलें आहे. तो जेत्यांचा साक्षीदार, हें ध्यानांत ठेवावें. तथापि तोच हेंही कबूल करतो कीं, इतके दोष असूनही हा मुलूख भरभराटत होता, आणि इंग्रजी अमलांतील कांहीं उपद्रव येथील प्रजेस ठाऊक नव्हते. ही कबुली आमच्या लेखकांनीं उचलून धरावयास हवी होती.

मुळशीच्या मावळांतून पाहिलें म्हणजे तिचा अर्थ कळतो. मार्च १८१८ मध्यें कर्नल प्रॉथरनें कोरीगड घेतला. किल्ल्यावरील दारूचा सांठा उडाला, प्रतिकार संपला, पाठोपाठ घनगडही गेला. जूनमध्यें बाजीराव शरण गेला आणि वर्षाला आठ लाखांचें वेतन घेत १८५१ पर्यंत बिठूरास राहिला. ज्या अमलानें त्याची जागा घेतली, त्यानें पुढें कायदेशीर भूसंपादनानें याच मावळांतील भातखाचरें टाटा कंपनीच्या धरणासाठीं दिलीं. त्याविरुद्ध १९२१ मध्यें सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला. तो मोडला, धरण उभें राहिलें, आणि मुळशीचें पाणी घाटाखालीं भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळलें. त्या जमिनींपैकीं पुष्कळशा तत्पूर्वींच पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या, आणि भरपाईचा सौदा त्यांना नकोसा नव्हता.

म्हणून आमच्या मतें बाजीरावच पहिला. पण पळाला म्हणून नव्हे, तर राज्य इजाऱ्यानें दिलें म्हणून. मात्र हा आरोप ठेवला कीं, त्याच्याबरोबर इजारे घेणारेही पिंजऱ्यांत उभे करावे लागतात, आणि ते कांहीं परमुलखांतले नव्हते. ‘पळपुटा’ हा शब्द आपल्या इतिहासलेखकांस इतका सोयीचा कां वाटला असावा, याचें उत्तर बहुधा येथेंच सांपडेल.