उरलेल्या अंकांचा हिशेब

आज आपण ‘न्यूजीज’ या चित्रपटाबद्दल बोलू. १९९२ साली डिस्नेने काढलेला, केनी ऑर्टेगाने दिग्दर्शित केलेला हा संगीतपट. विषय आहे जुलै १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पेपर विकणाऱ्या पोरांनी केलेला संप. गाणी छान, नाच तर फारच छान. आमची तक्रार वेगळी आहे. हा चित्रपट हिशेबात चुकतो, आणि त्या संपात हिशेब हाच सगळा मामला होता.

तो हिशेब आधी पाहू. ही पोरं पगारी नोकर नव्हती. शंभर अंकांचा गठ्ठा स्वतः विकत घ्यायचा आणि एकेक अंक एका सेंटला विकायचा. गठ्ठा पन्नास सेंटला मिळे. १८९८ साली स्पेनशी युद्ध झालं, तेव्हा तो साठ सेंट झाला. पोरांनी सोसलं, कारण युद्धाच्या बातम्यांमुळे अंक हातोहात जात होते. युद्ध संपलं, खप उतरला, तरी पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’ने आणि हर्स्टच्या ‘जर्नल’ने दर काही उतरवला नाही. शिवाय उरलेला अंक परत घेत नसत. दिवस मावळताना उरलेल्या मेथीच्या जुडीला निदान अर्धा भाव तरी येतो. शिळ्या पेपरला काय येणार?

चित्रपटात ही युद्धकाळची दरवाढ नाही. पुलित्झर लोभापायी दर वाढवतो आणि पोरं पेटतात. गोष्ट सोपी झाली, पण मेख हरवली: चलतीच्या दिवसांत लादलेलं ओझं मंदीतही डोक्यावरच राहिलं.

दुसरी गोष्ट नायकाची. जॅक केली हे पात्र काल्पनिक आहे. खऱ्या संपातला पुढारी किड ब्लिंक इथे किरकोळ भूमिकेत उरतो. ब्लिंकवर फितुरीचा आरोप झाला, तरी संप चालू राहिला. चित्रपटातही जॅक काही काळ फितूर होतो, पण तो परतल्यावरच लढ्यात जीव येतो. म्हणजे पोरांची ताकद एकट्या नायकाच्या खिशात गेली.

शेवट तर आणखी सोयीचा. पुलित्झर नमतो, गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट अवतरतात, जल्लोष होतो. प्रत्यक्षात साधारण दोन आठवड्यांनी तडजोड झाली. दर साठच राहिला. उरलेले अंक परत घ्यायचं मालकांनी कबूल केलं.

‘मग हरलेच की!’ असं कुणी म्हणेल. आम्ही म्हणतो, मांडून पाहा. समजा, शंभरातले वीस अंक उरले. जुन्या दराने, परतीशिवाय, पोराच्या हाती तीस सेंट. नव्या दराने, परतीसह, बत्तीस. सगळे खपले, तर मात्र पूर्वीच्या पन्नासऐवजी चाळीसच. म्हणजे चांगल्या दिवसाची कमाई घटली, पण वाईट दिवसाचा फटका बराचसा मालकाकडे गेला. ज्याचं आजचं भांडवल कालच्या विक्रीतून येतं, त्याला हे लहान वाटेल का?

चित्रपट जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. मात्र संपल्यावर त्यांना कागद-पेन्सिल द्या आणि विचारा: वीस अंक उरले, तर किती सुटले? पोरांनी जे कमावलं, ते त्या उत्तरात आहे.