आलेख: प्रत्यक्ष की अनुमान?

पदवीच्या पहिल्या वर्षाला डेटा व्हिज्युअलायझेशन शिकायला बसलं की एक उदाहरण हमखास समोर येतं: अँस्कॉम्बची चौकडी. आज आपण त्या उदाहरणाचीच जरा झडती घेऊ.

फ्रान्सिस अँस्कॉम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली एका लेखात ती मांडली. चार संच, प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांत ‘क्ष’ची सरासरी ९, ‘य’ची सुमारे ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२. आकड्यांवर बसवलेली सरळ रेषाही जवळजवळ तीच. गणिताला विचारलं तर चौघे जुळे भाऊ. आता ते आलेख-कागदावर काढून बघा. पहिल्यात बिंदू रेषेच्या आजूबाजूला विखुरलेले. दुसऱ्यात स्वच्छ कमान. तिसऱ्यात दहा बिंदू एका ओळीत, अकरावा वर उडालेला. चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेवर आणि एक पार दूर. तो एकटा काढला, की तिरपी रेषा काढायला आधारच उरत नाही.

इथवर सगळं उत्तम. पण वर्गात यातून निष्कर्ष काढला जातो, की आकडे फसवतात आणि चित्र खरं सांगतं. आमचा आक्षेप इथे आहे. अँस्कॉम्बने गणित आणि आलेख दोन्ही करा, असं म्हटलं होतं. आपण अर्धंच उचललं.

न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचं, तर आपण आलेखाला प्रत्यक्ष समजतो. डोळ्यांनी दिसतंय ना, मग झालं! पण दिसतो तो धूर. अग्नी आपण अनुमानाने ठरवतो. आणि इथे धूर कसा दिसावा, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. समजा, दोन महाविद्यालयांचे निकाल ५० आणि ५२ टक्के आहेत. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून घेतला, तर दोघे बरोबरीचे दिसतात. तोच ४९ पासून घेतला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच. आकडा एकही खोटा नाही! सॉफ्टवेअर हा अक्ष परस्पर ठरवतं, आणि नवशिक्याला त्याचा पत्ताही नसतो.

या चौकडीची दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. तिचे आकडे मुद्दाम रचलेले आहेत, त्यांना नावगाव नाही. त्यामुळे तो दूरचा बिंदू म्हणजे नोंदवणाऱ्याची चूक की खरी गोष्ट, हा प्रश्न वर्गात उठतच नाही. समजा, तो बिंदू एका गावातल्या आजारी माणसांचा आकडा असेल. चूक समजून आपण तो पुसला, तर आलेख सुबक होईल आणि गाव नजरेआड होईल. पुसायचा की ठेवायचा, हे आलेख सांगत नाही. त्यासाठी त्या गावात जावं लागतं, निदान नोंदवही तरी उघडावी लागते.

म्हणून नवशिक्यांनी पहिले चार आलेख हातानेच काढावेत, असं आम्हाला वाटतं. अक्ष कुठून सुरू करायचा, हे हाताला ठरवावंच लागतं. आणि प्रत्येक आलेखाखाली तीन ओळी लिहाव्यात: काय मोजलं, कुणी मोजलं, काय वगळलं. तिसरी ओळ लिहिताना पेन अडखळलं, तर तिथे थांबून आधी चौकशी करावी. रंग आणि सजावट नंतर बघता येईल.