प्रेक्षक, साक्षीदार आणि फितूर

‘फँड्री’ चित्रपटगृहात बसून ज्यांनी पाहिला, त्यांना डुकराच्या पाठलागाचा प्रसंग आठवत असेल. कचरू माने, त्याची बायको आणि पोरे डुकरामागे ऊर फुटेस्तोवर धावत आहेत, धडपडत आहेत. पडद्यावर गावातली माणसे ही मजा बघत बसली आहेत आणि शेलके शेरे मारत आहेत. त्याच वेळी चित्रपटगृहातही हशा पिकतो. काही क्षण पडद्यावरचा हशा कोणता आणि आपल्या रांगेतला कोणता, हे वेगळे काढता येत नाही. नंतर तो विरत जातो. शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो आणि चित्रपट संपतो.

हा दगड म्हणजे जातिव्यवस्थेविरुद्धचा विद्रोह, असा त्याचा अर्थ बहुतेक परीक्षणांनी लावला. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दगड एका संकल्पनेवर भिरकावलेला नाही. थोड्या वेळापूर्वी जो हसला त्याच्यावर तो भिरकावलेला आहे. निर्दय, काळोखी चित्रपटांच्या चर्चेत ‘पडद्यावर किती हिंसा दाखवली’ हा प्रश्न फार विचारला जातो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ती हिंसा चालू असताना चित्रपटाने प्रेक्षकाला कुठे बसवले होते? आणि तिथून उठल्यावर तो कोण होतो? या दुसऱ्या प्रश्नाचा माग काढताना मला सतत खर्ड्यापाशी येऊन थांबावे लागते.

जामखेड तालुक्यातले खर्डा हे गाव इतिहासाच्या पुस्तकातून आपल्या परिचयाचे आहे. 11 मार्च 1795 रोजी मराठ्यांनी निजामाचा इथे पराभव केला. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि अखेर तह केला. मराठी सरदार एकत्र येऊन जिंकले अशी ही शेवटची मोठी लढाई, असे शाळेत शिकवले जाते. 28 एप्रिल 2014 नंतर याच गावाचे नाव वेगळ्या कारणाने वर्तमानपत्रांत आले. सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि पुढे त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. वरच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या मुलीशी त्याचे बोलणे होते, या संशयातून हे घडल्याचा आरोप होता. घटना दिवसाची होती आणि मारहाणीची सुरुवात शाळेतून झाल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते.

‘फँड्री’ प्रदर्शित झाला तो 14 फेब्रुवारी 2014 रोजी. म्हणजे जब्याचा दगड पडद्यावरून आला आणि त्र्याहत्तर दिवसांनी खर्डा घडले. कथेतले गाव नगरजवळचे आहे आणि नागराज मंजुळे हे नगर जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. शाळेत जाणारा दलित मुलगा, वरच्या जातीतली शालू आणि गावाची नजर हा चित्रपटाचा ऐवज होता. त्यामुळे त्या उन्हाळ्यात पुष्कळांनी या दोन गोष्टींचा एकत्र उल्लेख केला. चित्रपटाने भविष्य वर्तवले, असेही म्हटले गेले. मला ते पटत नाही. जे आजूबाजूला घडत होते तेच चित्रपटाने सांगितले होते. आदल्याच वर्षी, 2013च्या पहिल्या दिवशी, याच जिल्ह्यातल्या सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली होती.

‘फँड्री’ने वर्तवले नाही, ओळखले मात्र एक होते. अशा हिंसेला बघे लागतात. डुक्कर हाताशी आले असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते, कचरूचे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. पकडलेले डुक्कर नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. या दोन दृश्यांवर खूप लिहिले गेले आहे. पण माझ्या मते चित्रपटाचा कणा या दोन दृश्यांच्या मधली बसलेली माणसे हा आहे. ती मारत नाहीत, डुक्करही पकडत नाहीत. ती फक्त बघतात, आणि त्यांच्या बघण्यानेच पाठलागाची विटंबना होते.

इथे ‘प्रेक्षक’ हा शब्द एकवचनी वापरण्याची आपली सवय अडचणीची ठरते. चित्रपटगृहात एकच प्रेक्षक बसलेला नसतो. कैकाडी भाषेत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर हे ज्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही, ज्याच्या घरी हा पाठलाग झालेला आहे, तोही त्याच अंधारात बसलेला असतो. त्याच्या दृष्टीने शेजारच्या खुर्चीतला हशा हा चित्रपटाबाहेरचा प्रतिसाद नव्हे, तर चित्रपटाचाच पुढचा भाग असतो. आणि शेवटचा दगड त्याच्यावर येत नाही. त्याच्या बाजूने जातो. एकाच शेवटाने चित्रपटगृहाची अशी फाळणी होते. तिची दखल न घेता ‘प्रेक्षक अंतर्मुख झाले’ असे लिहून मोकळे होणे ही समीक्षेची पळवाट आहे.

‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी आला. खर्ड्याच्या घटनेला आदल्याच दिवशी दोन वर्षे झाली होती. या वेळी हशाची जागा नाचाने घेतली. ‘झिंगाट’ लागले की लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत. याच चित्रपटाने मराठीत शंभर कोटींचा पल्ला पहिल्यांदा गाठला. आणि ज्या चित्रपटगृहात नाच झाला तिथेच शेवटची काही मिनिटे टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी गेली. हत्या आपल्याला दिसत नाही. लहान मूल घरात येते, रडते, बाहेर पडते. त्याची रक्ताळलेली पावले फरशीवर उमटत जातात आणि पडद्यावरचा आवाज बंद होतो.

या शेवटाची ताकद मी नाकारत नाही. संगीताने भारलेल्या चित्रपटातून आवाजच काढून घेणे हा निर्णय धाडसाचा होता. 2018च्या हिंदी ‘धडक’शी तुलना केली की तो अधिकच कळतो. तिथे जातीचा प्रश्न पुसट होतो, मुलगी जिवंत राहते आणि तिच्या किंकाळीने आपल्या दुःखाला वाट मिळते. ‘सैराट’ ही वाट देत नाही. तरीही मला एक शंका छळते. ‘सैराट’च्या शांततेत सगळ्यांना सामावून घेतले जाते. आर्चीच्या भावाच्या जागी स्वतःला पाहण्याची वेळ कुणावर येत नाही. आपण सारेच आर्ची-परशाचे, मारणारे कुणी दुसरेच. नाचणारे आणि गप्प झालेले एकच होते, पण या दोन अवस्थांमधला हिशेब चित्रपट मागत नाही. ‘फँड्री’ने हसताना पकडले होते, ‘सैराट’ रडताना सोडून देतो. म्हणूनच ‘सैराट’ लाखोंपर्यंत पोहोचला, असे कुणी म्हणेल तर तेही खरे आहे. पोहोचणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

निर्दय चित्रपटाने प्रेक्षकाचे काय करावे, हा पेच आपल्यापुरता नाही. गोऱ्या वसाहतीच्या रक्तरंजित भूतकाळावर ऑस्ट्रेलियात अलीकडे काही वेस्टर्न निघाले. घोडे, बंदुका, उजाड मुलूख हा सगळा सरंजाम त्यात आहे. फक्त जिंकणाऱ्या नायकाचे समाधान नाही. जेनिफर केंट यांचा ‘द नाइटिंगेल’ 1825च्या टास्मानियात घडतो. शिक्षा भोगणारी एक आयरिश स्त्री आणि वाट दाखवणारा एक आदिवासी तरुण यांची ही कथा. 2019मध्ये सिडनीच्या चित्रपट महोत्सवात त्यातले अत्याचार पाहून काही प्रेक्षक उठून गेले. उठून जाण्याचा हक्क प्रेक्षकाला आहेच. स्वतः अत्याचार सोसलेल्या बाईला तो पुन्हा पाहण्याची सक्ती कोण करणार? पण ‘हे फार झाले’ म्हणून जाणाऱ्याला दार मिळते, ते कथेतल्या माणसांना मिळालेले नसते, एवढे भान त्या निषेधात असावे.

वॉरविक थॉर्नटन यांचा 2017चा ‘स्वीट कंट्री’ खर्ड्याच्या अधिक जवळ येतो. 1929चा काळ, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग. सॅम केली हा आदिवासी शेतमजूर स्वतःचा जीव वाचवताना एका गोऱ्याला गोळी घालतो. गावात फिरता सिनेमा येतो, तेव्हा दाखवला जातो तो नेड केली या गोऱ्या बंडखोराचा चित्रपट. पोलिसांना मारणाऱ्या त्या केलीला गावकरी आरोळ्यांनी दाद देतात. आडनाव एकच, एकासाठी टाळ्या आणि दुसऱ्यासाठी फाशीची मागणी. पुढे सॅमचा खटला उघड्यावर, याच गावकऱ्यांसमोर चालतो. सिनेमाचे बघे खटल्याचेही बघे होतात. न्यायाधीश सॅमला निर्दोष ठरवतो आणि गावाबाहेर पडत असताना कुणीतरी त्याला गोळी घालतो. कायद्याने जे दिले ते बघ्यांच्या गर्दीतला कुणीतरी परत घेतो.

खर्ड्यात क्रम उलटा होता. तिथे मृत्यू आधी झाला, खटला नंतर. नोव्हेंबर 2017मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. सरकार पक्षाचे अनेक साक्षीदार खटल्यात उलटले होते. न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला नाही, म्हणून कुणाला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार मला नाही. माझा मुद्दा साक्षीदारांपुरता आहे. उलटलेल्या साक्षीदाराला आपण मराठीत ‘फितूर’ म्हणतो. शब्द बखरीतला, किल्ल्यांचे दरवाजे आतून उघडणाऱ्यांसाठीचा. लढाईसाठी प्रसिद्ध झालेल्या गावाच्या खटल्यात तोच शब्द पुन्हा छापून यावा, हा योगायोग बोचरा आहे.

परंतु हा शब्द वापरताना आपण साक्षीदाराकडे जरा जास्तच वरून बघतो. बखरीतला फितूर मोबदला घेऊन शत्रूला मिळत असे. गावातला साक्षीदार कुणाला मिळत नाही. तो गावातच राहतो. त्याचे रान, दुकान, मजुरी, पोरांची शाळा सगळे तिथेच असते. 2016च्या जानेवारीत लागू झालेल्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे प्रकरण आले. साक्षीदार संरक्षणाच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018मध्ये मान्यता दिली. अशा तरतुदी कराव्या लागतात याचाच अर्थ, पाहिलेले सांगणे हे आपल्याकडे जोखमीचे काम आहे.

यापुढे प्रेक्षकाची गोष्ट फारच सोपी वाटू लागते. तो तिकीट काढून येतो, दीड-दोन तास पाहतो, घरी जातो. पाहिलेले सांगण्यासाठी त्याला कुणी पिंजऱ्यात उभे करत नाही. मग निर्दय चित्रपटाकडून आपण नेमकी कशाची अपेक्षा करावी? त्याने प्रेक्षकाचे साक्षीदारात रूपांतर करावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. तसे झाले असते, तर ‘सैराट’ पाहून नाचलेल्या आणि रडलेल्या महाराष्ट्रात वर्षा-दीड वर्षाने लागलेल्या त्या निकालावर वेगळी हालचाल दिसली असती. चित्रपट एवढेच करू शकतो की, बघणे ही निरुपद्रवी गोष्ट आहे हा आपला समज मोडून काढायचा. गावातला माणूस भीतीने गप्प राहतो. आपण चित्रपटगृहात कशाच्या भीतीने हसलो होतो, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

म्हणून या दोन मराठी चित्रपटांपैकी एकच निवडायचा झाला, तर मी ‘फँड्री’ निवडीन. त्याची हिंसा कमी आहे, रक्त जवळजवळ नाही, कुणी मरत नाही. तरी तो अधिक निर्दय आहे, कारण तो आपल्याला आर्ची-परशाच्या नव्हे, तर मजा बघत बसलेल्यांच्या रांगेत बसवतो. खर्ड्यातल्या त्या दिवशी किती जणांनी काय पाहिले, हे न्यायालयाच्या कागदांतून पुरतेपणी कधीच बाहेर येणार नाही. साक्षीदारांना फितूर म्हणण्याआधी आपण आपल्या रांगेतला तो हशा आठवावा.