लुई कान: वजन, नळ आणि उजेड

लुई कान यांचा जन्म १९०१ साली बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियात, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यात, एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. लहानपणी निखाऱ्यांनी चेहरा भाजला आणि त्याचे व्रण जन्मभर राहिले. १९०६ साली ते आईबरोबर अमेरिकेत फिलाडेल्फियाला आले आणि पुढे हेच त्यांचे शहर झाले. मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून ते घराला हातभार लावत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पॉल क्रे या फ्रेंच शिक्षकाच्या हाताखाली शिकून त्यांनी १९२४ साली वास्तुकलेची पदवी घेतली. हे शिक्षण जुन्या फ्रेंच परंपरेचे होते. आधी इमारतीचा मुख्य अक्ष ठरवायचा, मग त्यावर दालनांची उतरंड बसवायची आणि रेखाटन पुन्हा पुन्हा घोटायचे. आधुनिक वास्तुकला जे फेकून द्यायला निघाली होती नेमके तेच कान शिकले, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांना तेच उपयोगी पडले.

मधली पंचवीस वर्षे तशी कोरडीच गेली. महामंदीत काम नव्हते. बेकार वास्तुरचनाकारांना जमवून कान यांनी एक अभ्यासगट काढला, कामगारांच्या वसाहतींचे आराखडे केले आणि युद्धकाळात जॉर्ज हाऊ व ऑस्कर स्टोनोरोव्ह यांच्याबरोबर काही वसाहती बांधल्याही. त्या नेटक्या आहेत, पण कान यांचे नाव नसते तर आज त्यांची आठवण कोणी काढली नसती. तिकडे अमेरिकी वास्तुकला काच आणि पोलादाच्या पेटीकडे निघाली होती. मीस व्हान डर रोह यांचे शिकागोचे मनोरे १९५१ साली पुरे झाले, न्यूयॉर्कचे लीव्हर हाऊस त्याच्या पुढच्या वर्षी. इमारत जितकी हलकी आणि पारदर्शक, तितकी ती आधुनिक, असा हिशेब रूढ झाला. युरोपात या शैलीमागे एक सामाजिक स्वप्न होते. अमेरिकेत ती बड्या कंपन्यांच्या कचेऱ्यांचा गणवेश बनली.

१९५०-५१ मधले काही महिने कान रोमच्या अमेरिकन अकादमीत होते. तिथून त्यांनी ग्रीस आणि इजिप्तही पाहिले. जाड भिंती, विटांच्या ओसाड कमानी आणि छताच्या भोकातून उतरणारा उजेड यांची रेखाटने घेऊन ते परतले. येल विद्यापीठाचे कलादालन (१९५३) हे त्यांचे पहिले महत्त्वाचे काम लगेच हाती आले. त्याचे छत काँक्रीटच्या त्रिकोणी जाळ्याचे आहे आणि हवेच्या व विजेच्या वाहिन्या त्या जाळ्याच्या पोकळीतून जातात. दिसायला ती अवकाशी चौकट, म्हणजे सगळ्या दिशांनी भार वाटून घेणारी जाळी. पण बांधकामाच्या नियमांपुढे नमून ती प्रत्यक्षात तिरक्या तुळयांसारखी ओतावी लागली. रचनेच्या प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणून या छताचा दाखला देणाऱ्यांनी ही तडजोड लक्षात ठेवलेली बरी.

या छताच्या भूमितीत ॲन टिंग यांचा वाटा मोठा होता. हार्वर्डमध्ये शिकलेल्या टिंग १९४५ पासून कान यांच्याच कार्यालयात काम करत. न्यू जर्सीत ट्रेंटनजवळ पोहण्याच्या तलावाशेजारी बांधलेल्या छोट्या स्नानगृहातही (१९५५) त्यांचा हात आहे, पण श्रेय बराच काळ एकट्या कान यांच्या नावावर राहिले. चार चौरस खोल्या, त्यांवर पिरॅमिडसारखी लाकडी छपरे, मध्ये उघडा चौक आणि कोपऱ्यांत पोकळ खांब. या पोकळ खांबांतच ये-जा करण्याच्या वाटा आणि संडास बसवले. ज्या जागांत माणसे वावरतात त्या मुख्य आणि नळ, जिने, यंत्रे, कोठार यांच्या जागा त्यांच्या सेवेतल्या, हा भेद इथे पहिल्यांदा आराखड्यात स्वच्छ उमटला. कान यांच्याविषयी जे काही लिहिले गेले त्यातला सर्वांत टिकाऊ विचार हाच. आधुनिक इमारतीचा निम्मा जीव तिच्या वाहिन्यांत असतो आणि बाकीचे वास्तुरचनाकार त्या खोट्या छतामागे लपवत होते. कान यांनी वाहिन्यांना स्वतंत्र घर दिले.

फिलाडेल्फियातली रिचर्ड्स वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळा (१९५७-६१) हा याच विचाराचा मोठा प्रयोग. काचेच्या प्रयोगशाळांना टेकून विटांचे उंच, बिनखिडकीचे मनोरे उभे आहेत. काहींतून दूषित हवा बाहेर जाते, काहींत जिने आहेत. ऑगस्ट कोमेंडांट या अभियंत्याने आधी ओतून ठेवलेले काँक्रीटचे भाग जागेवर ताणून जोडले. बांधकामाची ही सफाई तेव्हा अमेरिकेत दुर्मीळ होती. १९६१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने या एकाच इमारतीवर प्रदर्शन भरवले आणि साठीच्या घरातले कान एकदम जगप्रसिद्ध झाले. आत काम करणारे शास्त्रज्ञ मात्र हैराण होते. उन्हाची तिरीप थेट टेबलावर येई, म्हणून त्यांनी काचांवर चंदेरी कागद चिकटवले. उघडी छते धूळ साठवत. सेवेच्या जागांना इतका मान दिला, की ज्यांची सेवा करायची त्यांचाच विसर पडला. ही इमारत छायाचित्रात श्रेष्ठ आणि वापरात सदोष आहे.

त्या चुका पुढच्या प्रयोगशाळेत दुरुस्त झाल्या. पोलिओची लस शोधणाऱ्या जोनास साल्क यांना कॅलिफोर्नियात ला होया इथे समुद्रकाठी संशोधन संस्था उभारायची होती. साल्क हे कान यांना मिळालेले सर्वांत चांगले गिऱ्हाईक, कारण ते नाही म्हणू शकत. आराखडा बराच पुढे गेला असताना त्यांनी तो नाकारला आणि चार इमारतींऐवजी दोनच हव्यात असे सांगितले. कान यांनी नव्याने सुरुवात केली. प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्यावर माणूस उभा राहील इतका उंच एक पूर्ण मजला फक्त वाहिन्यांसाठी ठेवला. त्यामुळे खाली एकही खांब नाही आणि नळ बदलताना प्रयोग थांबवावा लागत नाही. १९६५ साली काम पुरे होत आले तेव्हा दोन इमारतींमधल्या चौकात बाग करायचा बेत होता. मेक्सिकोचे वास्तुरचनाकार लुईस बारागान यांनी झाड नको, फरसबंदी ठेवा असा सल्ला दिला आणि तो मानला गेला. आज त्या चौकात ट्रॅव्हर्टाइन दगडाची फरशी, मधोमध पाण्याची एक अरुंद पन्हाळी आणि पलीकडे प्रशांत महासागर एवढेच आहे. काँक्रीटवर गिलावा नाही. फर्म्यांचे सांधे आणि ते आवळताना पडलेली भोके मुद्दाम दिसू दिली आहेत.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या किम्बेल कलासंग्रहालयाचीही (१९७२) गोष्ट अशीच. संचालक रिचर्ड ब्राऊन यांना माणसाच्या मापाची इमारत हवी होती. कान यांचा पहिला आराखडा त्यांना अवाढव्य वाटला. शेवटी ठरल्या त्या शंभर फूट लांब, बुटक्या, वाकलेल्या छतांच्या ओळी. माथ्यावरच्या फटीतून टेक्सासचे कडक ऊन येते, खालच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आपटते आणि काँक्रीटवर रुपेरी होऊन पसरते. पण कमानीचा माथाच कापला तर ती उभी कशी राहील? ती कमान नाहीच. कोमेंडांट यांनी ते छत चार कोपऱ्यांवर पेललेल्या लांब तुळईसारखे बांधले. न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झिटर शाळेचे ग्रंथालय याच काळातले. बाहेर विटांचा चौकोन, आत काँक्रीटची प्रचंड वर्तुळे आणि वाचणाऱ्याचे टेबल थेट खिडकीपाशी.

१९६२ साली दोन मोठी कामे दक्षिण आशियातून आली. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेसाठी कान यांचे नाव बाळकृष्ण दोशी यांनी सुचवले. दोशी पुण्याचे, मुंबईच्या जे. जे. त शिकलेले. पोलाद आणि सिमेंट महाग, वीट आणि गवंडी मुबलक, म्हणून इथे भारवाही विटांच्या भिंती, बसक्या कमानी आणि कमानीचा ताण पेलणारी काँक्रीटची पट्टी अशी रचना झाली. भिंतींतली भली मोठी वर्तुळे आणि त्यांमागच्या खोल पडव्या ऊन अडवतात, वारा आत घेतात. रोजची देखरेख दोशींनी आणि पुढे अनंत राजे यांनी केली. कान यांच्या मागे उरलेले काम राजे यांनीच निभावले. ढाक्यात पाकिस्तान सरकारने दुसऱ्या राजधानीसाठी संसद मागवली होती. त्या कामासाठी परदेशी वास्तुरचनाकार आणावा हा आग्रह मझहरुल इस्लाम या बंगाली वास्तुरचनाकाराचा. १९७१ च्या युद्धात बांधकाम थांबले आणि इमारत पुरी झाली ती १९८२ साली, एका वेगळ्याच देशासाठी. भिंती पाच-पाच फुटांच्या थरांत ओतल्या आणि प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या संगमरवराची पट्टी बसवली. कारागिरी सफाईदार नसली तरी चालेल, अशी तजवीज रचनेतच केलेली होती.

१७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकाराने कान यांचा मृत्यू झाला. घरच्यांना ते कळायला दोन दिवस लागले. कार्यालयावर कर्जाचा डोंगर होता.

त्यानंतर वाढली ती कान यांच्या वचनांची कीर्ती. विटेला काय व्हायचे आहे ते विचारावे, असे ते व्याख्यानांत सांगत. वास्तुकलेच्या वर्गांत आजही हेच आधी शिकवले जाते. ही वचने गोड आहेत, पण त्यांनी नुकसानच अधिक केले. त्यांच्या ओढीने कित्येकांनी भव्य, उदास काँक्रीट उभारले आणि नळांचा विचार मात्र उचलला नाही. खरा वारसा कान यांच्या शाळेत दिसतो: रॉबर्ट व्हेंचुरी यांनी इतिहास उचलला, रेंझो पियानो यांनी बांधणी, दोशींनी हवामान. साल्क आणि किम्बेल ही कान यांची सर्वोत्तम कामे आहेत. आणि दोन्ही ठिकाणी कोणीतरी त्यांना अडवले होते.

अहमदाबादच्या विटांचे पुढे हाल झाले. भिंतीत घातलेल्या सळया गंजल्या, २००१ च्या भूकंपाने तडे वाढवले. मुंबईच्या वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमय्या यांच्या संस्थेने तिथल्या ग्रंथालयाचे जतन केले आणि त्याला २०१९ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तरीही डिसेंबर २०२० मध्ये अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव आला. जगभरातून निषेध झाल्यावर तो काही दिवसांत मागे घेतला गेला. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये व्यवस्थापन संस्थेने काही इमारतींच्या जतनाऐवजी पुनर्बांधणीचा निर्णय जाहीर केला.