पोस्टव्हिलविषयीची दोन निवेदने

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ईशान्य भागातले पोस्टव्हिल हे जेमतेम अडीच हजार वस्तीचे गाव दोन अध्यापकांच्या लेखनामुळे अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. त्यांपैकी स्टीफन ब्लूम हे आयोवा विद्यापीठात वृत्तविद्या शिकवीत. गावातील संस्कृतिसंघर्षावरील त्यांचा ग्रंथ २००० साली निघाला. दुसरे एरिक कामाइद-फ्रेइक्सास हे मायामी येथे स्पॅनिशचे प्राध्यापक व संघीय न्यायालयांचे मान्यताप्राप्त दुभाषी. त्यांचा निबंध २००८ च्या उन्हाळ्यात प्रथम खाजगी रीतीने फिरला व मग वृत्तपत्रांतून गाजला. पहिल्या कृतीत जो समाज जवळजवळ मुका आहे तो दुसऱ्या कृतीत बोलू लागतो, परंतु कैदी म्हणून आणि दुभाष्याच्या मुखाने. या फरकाचा विचार येथे करावयाचा आहे.

ब्लूम यांच्या ग्रंथाचा विषय प्रथम पाहू. १९८७ साली ब्रुकलिनहून आलेल्या एका लुबाविच पंथीय ज्यू कुटुंबाने गावचा बंद पडलेला कत्तलखाना घेऊन तेथे धर्मशास्त्रसंमत, म्हणजे ‘कोशर’, मांसाचा उद्योग उभारला. जर्मन व नॉर्वेजियन वंशाचे ल्यूथरपंथी शेतकरी आणि हे नवागत यांच्यातील ताण, आणि कारखान्याची जमीन गावाच्या हद्दीत घ्यावी की नाही यावर १९९७ साली झालेले मतदान, हा ग्रंथाचा गाभा आहे. लेखक स्वतः ज्यू असूनही अखेरीस त्यांचे मन स्थानिकांकडे झुकते, आणि ते तसे मोकळेपणाने सांगतात. हा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. निवेदनही रसाळ आहे. परंतु ‘दोन संस्कृतींचा संघर्ष’ ही चौकट एकदा पत्करल्यावर कापणीच्या फळीवर उभे राहणारे मेक्सिकन, ग्वातेमालन वा युक्रेनियन मजूर पार्श्वभूमीवरच राहतात. हुकूम कोणत्या भाषेत दिला जाई, सुरीने हात कापला तर तक्रार कोणत्या भाषेत करावयाची, हे प्रश्न या चौकटीत बसत नाहीत. भाषाभ्यासकास मात्र असे वाटते की, त्या गावाची खरी रचना याच प्रश्नांतून उलगडली असती.

१२ मे २००८ रोजी संघीय अधिकाऱ्यांनी कारखान्यावर धाड घालून ३८९ जणांना अटक केली. गावाच्या लोकसंख्येच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतकी ही संख्या होती. बहुसंख्य ग्वातेमालाचे होते. त्यांना वॉटर्लू येथील गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर नेऊन तेथील सभागृहांत तात्पुरते न्यायालय मांडण्यात आले. आरोपी दहा-दहांच्या गटाने उभे केले जात, आणि काही दिवसांत सुमारे तीनशे जणांचे कबुलीजबाब होऊन शिक्षाही झाल्या. कामाइद-फ्रेइक्सास येथे दुभाषी होते.

त्यांच्या निबंधाचे बळ करुण प्रसंगांत आहे असे सामान्यतः मानतात. मला ते अन्यत्र दिसते. सरकार पक्षाने आरोपींपुढे दोन पर्याय ठेवले होते. खोटा सामाजिक सुरक्षा क्रमांक जाणूनबुजून वापरल्याची कबुली दिली तर पाच महिने कैद व मग हद्दपारी. न दिली तर ‘दुसऱ्याची ओळख चोरल्या’चा गंभीर आरोप, ज्यात दोन वर्षांची कैद अटळ. खटला लढवावा तर जामिनाची आशा नाही, आणि निकालापूर्वीच पाच महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात जाण्याचा संभव. घरी पैसे धाडणाऱ्या माणसाने काय निवडावे? निबंधकार दाखवून देतात की, यांतील अनेकांना हा क्रमांक म्हणजे काय आणि तो कशासाठी असतो हेच ठाऊक नव्हते. शिवाय कित्येक माया वंशाचे असून स्पॅनिश ही त्यांची दुसरी भाषा होती. इंग्रजीचे बिनचूक स्पॅनिश झाले तरी, ज्या कल्पनेला ऐकणाऱ्याच्या अनुभवात जागाच नाही तिची ‘जाणीव’ त्याने कबूल केली असे कसे म्हणावे?

सारा खटलाच एका क्रियाविशेषणावर उभा होता. गंभीर आरोपाच्या कलमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द ‘वापरणे’ या क्रियापदापुरताच आहे, की तो क्रमांक दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचा आहे याचेही ज्ञान त्यात अभिप्रेत आहे? ‘त्याने विषारी फळ जाणूनबुजून मुलाला दिले’ असे मराठीत म्हटले तर फळ विषारी असल्याचे त्यास ठाऊक होते, असेच ऐकणारा समजतो. तथापि मराठीत संशय उरू द्यावयाचा नसेल तर ‘दुसऱ्याचा आहे हे जाणून’ असे स्वतंत्र उपवाक्य करता येते. इंग्रजी कलमात तसे केलेले नव्हते. ४ मे २००९ रोजी फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दुसरा अर्थ ग्राह्य धरला, आणि न्यायमूर्ती ब्रायर यांनी त्यासाठी सामान्य इंग्रजीच्या व्याकरणाचाच आधार घेतला. पोस्टव्हिलच्या बहुतेक मजुरांची कैद तोवर भोगून संपली होती.

दुभाष्याने असे बोलावे काय, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. गुप्तता व तटस्थता ही त्या व्यवसायाची बंधने आहेत आणि ती हलकी नव्हेत. त्यांवाचून कोणी आरोपी दुभाष्यापुढे तोंड उघडणार नाही. परंतु प्रकरणे निकालात निघाल्यावर, कोणाचे नाव न घेता, दोन्ही बाजूंचे शब्द ज्या एकट्याच्या मुखातून गेले त्याने ते पोहोचले की नाही हे सांगणे यात बंधनाचा भंग आहे, असे मला वाटत नाही. किंबहुना ही साक्ष अन्य कोणी देऊच शकले नसते. जुलै २००८ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्यांनी ती दिलीही. आप्रवासनधोरणाविषयीची निबंधातील व्यापक विधाने मात्र घाईची वाटतात. तेथे निबंधकार दुभाषी न राहता वक्ते होतात.

गाव त्यांच्याही लेखनात ओझरतेच येते. सेंट ब्रिजेट चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या, मुलांसाठी तात्पुरत्या सोडलेल्या स्त्रिया पायाला पाळतीचे यंत्र बांधून होत्या. काम करावयास बंदी, गाव सोडावयासही बंदी. नोव्हेंबर २००८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. व्यवस्थापकावरील आप्रवासनविषयक आरोप २००९ मध्ये मागे घेण्यात आले; पुढे त्यास सत्तावीस वर्षांची शिक्षा झाली ती बँकेच्या फसवणुकीबद्दल, आणि २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तीही कमी केली. नव्या मालकाने कारखाना चालू केला, सोमाली मजूर आले, आणि गावात आणखी एका भाषेची भर पडली. लुईस अर्गेता या ग्वातेमालन दिग्दर्शकाच्या २०१० च्या अनुबोधपटात मजूर कॅमेऱ्यापुढे स्वतः बोलतात. ब्लूम यांचा ग्रंथ वर्गात नेमणाऱ्या अध्यापकाने हा पट त्यासोबत दाखवावा.