पोस्टरवरचा कोकणपणा

तुंबाड हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठावर आहे. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या दोन खंडी कादंबरीमुळे १९८७ पासून मराठी वाचकाला ते नाव माहीत होतं. २०१८ च्या ऑक्टोबरात राही अनिल बर्वे यांचा हिंदी ‘तुंबाड’ आला आणि ते देशभर झालं. सिनेमाने कादंबरीकडून नाव तेवढं उचललं. खोतांच्या चार पिढ्या त्यात नाहीत. गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं, आणि चित्रीकरणाचा बराच भाग घाटावर, सासवड-वाईच्या बाजूला. पोस्टरवर तर गावाचा मागमूस नाही. काळोख, त्यात तांबूस उजेड, त्या उजेडात माणूस. खेडच्या कोणी ते पाहून ‘हे आपलं तुंबाड’ म्हणावं अशी एकही खूण त्यावर सापडत नाही.

आणि तरीही कोकणाच्या नावाने गेल्या पंधरा-वीस वर्षांत जी पोस्टरं निघाली, त्यांत मला हेच सगळ्यात कमी खोटं वाटतं. हे विधान नीट मांडायचं तर थोडं लांबून यावं लागेल.

रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६४ साली एका साध्या जाहिरातीवर निबंध लिहिला. पांझानी नावाच्या कंपनीची पास्त्याची जाहिरात: जाळीची पिशवी, तिच्यातून डोकावणारी पास्त्याची पाकिटं, टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची, आणि रंगही पिवळे, हिरवे, लाल. बार्थ म्हणाला, या चित्रात पास्त्याइतकाच ‘इटालियनपणा’ विकला जातो आहे. त्याची खरी मर्मदृष्टी पुढच्या वाक्यात आहे. हा इटालियनपणा इटलीतल्या माणसाला जाणवणारच नाही, कारण तो फ्रेंच माणसाच्या पर्यटनी समजुतींतून तयार झालेला आहे. पोस्टरांचा विचार करताना मला बार्थच्या साऱ्या परिभाषेपेक्षा ही एक गोष्ट जास्त उपयोगी पडते.

आता मराठी सिनेमाच्या पोस्टरवरचं कोकण आठवा. समुद्र, माड, कौलारू घर, तांबडी माती, काठाला होडी, आणि मालवणी वळणाचं एखादं वाक्य. हा झाला कोकणपणा. तो ठरवला मुंबई-पुण्याच्या डोळ्यांनी, सुट्टीत कोकण पाहणाऱ्यांनी. खेडला समुद्र नाही. तो पाहायचा तर दापोलीकडे जावं लागतं. खेडला आहे ती सह्याद्रीच्या पायथ्याची भातखाचरं, मगरी असलेली नदी, पावसाळ्यात बाजारपेठेत शिरणारं तिचं पाणी, महामार्ग, कोकण रेल्वेचं स्टेशन आणि लोट्याची रासायनिक औद्योगिक वसाहत. भाषेचंही तेच. १९८० साली मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला रंगभूमीवर बाजार मिळवून दिला, ते मोठंच काम झालं. पण तेव्हापासून पोस्टरवर कोकण बोलू लागलं की मालवणीच बोलतं. उत्तर रत्नागिरीतली कुणबी बोली, खाडीकाठच्या मुसलमानांची कोकणी, यांना तिथे जागा नाही. खेड तालुक्यात कोकणी मुसलमानांची वस्ती काही थोडीथोडकी नव्हे. कोकणाची म्हणून मिरवणाऱ्या एखाद्या सिनेपोस्टरवर त्यांच्यातला एक चेहरा मी तरी पाहिलेला नाही.

‘दशावतार’ (२०२५) हे अलीकडचं उदाहरण घ्या. रंगवलेल्या चेहऱ्याचे दिलीप प्रभावळकर: पोस्टर म्हणून प्रभावी, नजर खिळवणारं. पण दशावतार ही सिंधुदुर्गाकडची परंपरा. खेड, चिपळूण, गुहागर या पट्ट्यात रात्र जागवतात ती नमन-खेळे आणि जाखडी, म्हणजे शक्ती-तुरा. सिनेमाचा यात काही गुन्हा नाही, त्याची गोष्टच तिकडची आहे. प्रश्न असा की राज्यभरचा प्रेक्षक ते पोस्टर ‘कोकण’ म्हणून वाचतो, आणि खेडचाही हळूहळू तसंच वाचायला शिकतो. बार्थच्या वेळचा इटालियन निदान इटलीत बसून पांझानीकडे दुर्लक्ष करू शकत होता. इथे तर गणपतीला गावी आलेला चाकरमानीच मोबाइलवर माडाचं चित्र ठेवतो, त्याच्या वाडीत फणस आणि काजू असले तरी.

पोस्टर नेहमीच असं दूरवरून बोलत होतं का? माझं उत्तर: नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) गावोगाव नेला तेव्हाची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर अवघा तीन आणे, अशा अर्थाची. तिच्यात गोष्ट नाही, नट नाही. नाटकाच्या लांबीवर तिकिटाचे पैसे तोलणाऱ्या प्रेक्षकाला फाळक्यांनी फिल्मची लांबी मोजून दाखवली. समोर कोण उभा आहे याचं भान याहून चोख क्वचितच दिसतं.

चित्र म्हणून पोस्टरचा पाया घातला कोल्हापूरने. बाबुराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावर आपल्या सिनेमांची पोस्टरं त्यांनी स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे उपलब्ध भारतीय सिनेपोस्टरांतलं सर्वात जुनं म्हणून सांगितलं जातं. त्यांच्याच हाताखालून दामले, फत्तेलाल आणि शांताराम पुढे ‘प्रभात’मध्ये गेले. नंतर जी. कांबळे आले, शांतारामबापूंच्या सिनेमांची त्यांनी रंगवलेली चित्रं अजूनही जाणकारांच्या बोलण्यात असतात. मुंबईत १९३० च्या दशकात मकबूल फिदा हुसेन शिडीवर चढून होर्डिंग रंगवत होते. सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’सारख्या पोस्टरांत रंगाचे जाड, खरखरीत फटकारे आणले आणि नायकाचा राग चेहऱ्याच्या पोतातूनच दिसू लागला.

जर्मन विचारवंत वाल्टर बेंजामिनने १९३६ च्या सुमारास लिहिलं की यंत्राने प्रती निघू लागल्या की कलाकृतीभोवतीचं वलय विरतं. रंगवलेलं होर्डिंग या सिद्धांताला छान तिरका छेद देतं. सिनेमा यंत्राचा, प्रती शेकडो. पण त्याच्या जाहिरातीची प्रत मात्र एकुलती एक, त्या शहरातल्या त्या पेंटरच्या हातची. एकाच नटाचं नाक एका गावात सरळ तर दुसऱ्या गावात बाकदार. तालुक्याच्या गावांना एवढी मोठी चैन परवडत नसे. तिथे यायचं ते तीस बाय चाळीस इंचांचं छापील पोस्टर, खळ लावून भिंतीवर, आणि त्यावर चिकटवलेली ‘आजपासून’, ‘रोज ३ खेळ’ अशी पट्टी. मला ती पट्टी पोस्टरइतकीच महत्त्वाची वाटते. बार्थने शब्दाला चित्राचा नांगर म्हटलं होतं. इथे तो नांगर गावात पडायचा. मुंबईत छापलेला कागद त्या पट्टीने त्या टॉकीजचा आणि त्या गावाचा होत असे.

ऐंशीच्या दशकातल्या विनोदी सिनेमांची पोस्टरं ही समीक्षकांनी नाकं मुरडलेली जात. चेहऱ्यांची खोगीरभरती, भडक रंग, वाकडीतिकडी अक्षरं. पण गुंथर क्रेस आणि थिओ व्हान लीउवेन या चिन्हभाषेच्या अभ्यासकांनी १९९६ च्या त्यांच्या पुस्तकात चित्रातल्या नजरेबद्दल जो भेद केला तो इथे लावून पाहावा. चित्रातला माणूस थेट आपल्याकडे पाहत असेल तर तो काहीतरी मागतो. दुसरीकडे पाहत असेल तर स्वतःला न्याहाळायला देतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आणि त्या पिढीच्या पोस्टरांवरची मंडळी बहुतेक आपल्याकडे बघतात. लुगड्यातला लक्ष्मीकांत बेर्डे रस्त्याने जाणाऱ्याला डोळ्यांनीच आत बोलावतो. ती पोस्टरं सुंदर नव्हती. रस्त्यावरच्या माणसाशी ती बोलत होती एवढं खरं.

‘श्वास’ (२००४) नंतर नजर वळली. आजोबा आणि नातू एकमेकांत गुंतलेले, आपण बाजूला उभे. सिनेमा मोठा होताच, आणि मराठी सिनेमाला तेव्हा प्रतिष्ठेची गरज होती. पोस्टर गप्प राहायला शिकलं. चांगलंच झालं. पुढे मात्र ती सवय झाली. पाठमोरा मुलगा, क्षितिज, भरपूर मोकळी जागा, बारीक अक्षरं, आणि वर महोत्सवांच्या पानांच्या कमानी. ‘किल्ला’ला २०१४ साली बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळालं, ‘कोर्ट’ला त्याच वर्षी व्हेनिसमध्ये सन्मान. त्या कमानी कमावलेल्या आहेत, उसन्या नव्हेत. पण संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये सांगितलं होतं की संदेश घडवणाऱ्याने त्यात घातलेला अर्थ आणि घेणाऱ्याने काढलेला अर्थ जुळेलच असं नाही. निर्मात्याने कमान छापली ‘जगाने वाखाणलं’ असं सांगायला. एसटी स्टँडवर उभ्या माणसाने वाचलं: ‘आपल्यासाठी नाही.’ त्याचं वाचन चुकीचं म्हणता येत नाही, कारण अनेकदा तो सिनेमा तालुक्यापर्यंत येतच नव्हता.

दरम्यान भिंती गेल्या फ्लेक्सकडे. खेडच्या भरणे नाक्यावर उभं राहिलं की सिनेमाचं पोस्टर शोधावं लागतं, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक शोधावे लागत नाहीत. त्यांच्यात सिनेपोस्टरचं जुनं व्याकरण शाबूत आहे. ज्याचं वजन जास्त त्याचं डोकं मोठं, वर श्रेष्ठींच्या गोल चौकटी, मध्ये उत्सवमूर्ती, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून तळहाताएवढे चेहरे. आणि सगळे थेट आपल्याकडे पाहणारे, म्हणजे मागणारे. काय मागतात ते सांगायला नको. गंमत अशी की आज व्यावसायिक मराठी सिनेमाचं पोस्टर या फ्लेक्ससारखंच दिसतं. सात-आठ धडं नसलेली डोकी, कराराप्रमाणे आकार, मागे नारिंगी-निळा धूर. कोणी कोणाचं पाहून घेतलं याचा निकाल लागणं कठीण.

कसबाचा विचार केला तर आजचं मराठी पोस्टर पूर्वीपेक्षा सरस आहे. छायाचित्रं उत्तम, छपाई निर्दोष, देवनागरी अक्षररचनेत तर मराठी कलाकारांनी हिंदीवाल्यांना मागे टाकलं आहे असं माझं मत आहे. उणीव पत्त्याची आहे. हे पोस्टर भिंतीसाठी केलेलं नाही. ते मोबाइलच्या पडद्यावर, अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात दिसेल न दिसेल अशा बेताने केलेलं असतं. माध्यम हाच संदेश, हे मार्शल मॅकलुहानचं १९६४ चं वाक्य इतकं वापरून गुळगुळीत झालंय की लिहायला संकोच वाटतो, पण इथे ते अक्षरशः लागू आहे. मोबाइलवरचं पोस्टर ज्याच्याकडे येतं तो बहुधा आधीच त्या नटाच्या मागे असतो. बाजाराला निघालेल्या, सिनेमाचा विचारही मनात नसलेल्या माणसाला अडवायचं काम त्याला उरलेलं नाही. अशा वेळी ओळखीची चिन्हं लागतात, एका नजरेत कळणारी; म्हणून माड, म्हणून होडी. कोकणपणाला हा छोटा पडदा फार मानवला आहे.

म्हणून मला ‘तुंबाड’चं पोस्टर वेगळं वाटतं. कोकणाचं नाव असूनही ते कोकणपणा विकत नाही. त्याने सांगितला तो काळोख आणि हाव. पेंडशांच्या खोतांशी सिनेमाचा संबंध नसला तरी वाडा आणि हाव यांचं नातं या मातीला काही अनोळखी नाही, आणि संततधार पावसातला अंधार तर मुळीच नाही. २०२४ च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या दिवसांत सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. दरम्यान ज्यांनी तो घरी पडद्यावर पाहिला होता तेच पोस्टर शेअर करत होते. तेव्हा तेही शेवटी मोबाइलचंच अपत्य ठरलं, हे कबूल करायला हवं. त्याच्या नावावर तुंबाड पाहायला येणाऱ्यांना गावात शापित वाडा सापडणार नाही, हा त्या पोस्टरचा दोष की गुण ते ज्याने त्याने ठरवावं.

या साऱ्या विवेचनाला एक व्यावहारिक अडचण आहे. तालुक्याच्या पातळीवरचा पुरावाच नाहीसा होतो आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पोस्टरं जमवतं, पण त्यात येतो तो मुख्यतः मुंबईहून निघालेला कोरा कागद. ‘आजपासून’ची पट्टी चिकटलेला, टॉकीजचं नाव असलेला कागद भिंतीबरोबर गेला. जो माळ्यावर राहिला त्याला २००५ चा आणि २०२१ चा पूर खेड-चिपळुणात भेटला. बंद पडलेल्या टॉकीजचे मालक, जुने ऑपरेटर, बोर्ड रंगवणारे पेंटर यांच्याकडे काही उरलं असेल तर ते रद्दीत देण्यापूर्वी गावच्या वाचनालयाला दाखवा, मोबाइलवर त्याचा फोटो काढा, मागे गाव, टॉकीज आणि साल लिहा. पेंटरचं नाव माहीत असेल तर तेही लिहा; पोस्टरवर ते बहुधा छापलेलं नसतं.