शॉचे ‘द डॉक्टर्स डिलेमा’ : दहा जागांचा न्याय

बर्नार्ड शॉ यांचे ‘द डॉक्टर्स डिलेमा’ हे नाटक १९०६ साली लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात प्रथम रंगभूमीवर आले. वैद्यकव्यवसायाचा झणझणीत उपहास म्हणूनच त्याचा लौकिक आहे. प्रत्येक रोगाचे मूळ रक्त दूषित होण्यात पाहून शस्त्र परजणारा वॉलपोल आणि रक्तातील भक्षक पेशींना चेतवा म्हणजे झाले, असे गर्जणारा सर राल्फ, यांना पाहून कोणास हसू येणार नाही? परंतु हे हास्य ओसरल्यावर जो प्रश्न मागे उरतो, त्याला नाटककाराने कितपत न्याय दिला आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

सर कोलेन्सो रिजन याने क्षयावर लस टोचण्याची नवी रीत शोधली आहे. लस योग्य वेळी टोचली तर रोगी वाचतो, अवेळी टोचली तर दगावतो. हा उपचार तो दहाच रोग्यांवर करू शकतो. पन्नासांतून दहा निवडताना उरलेल्या चाळीसांना त्याने मृत्यूच्या स्वाधीन केले आहे. आता जेमतेम एक जागा वाढवता येईल, आणि तिच्यासाठी दोघे उभे आहेत. एक लुई ड्यूबेदात, असामान्य प्रतिभेचा चित्रकार, पण उसने पैसे बुडवणारा आणि पहिली पत्नी असता दुसरा संसार थाटलेला. दुसरा ब्लेंकिन्सॉप, सचोटीचा, दरिद्री आणि सामान्य बुद्धीचा डॉक्टर. रिजन ब्लेंकिन्सॉपला पत्करतो व ड्यूबेदातला सर राल्फच्या हाती सोपवतो. त्याचा परिणाम काय होणार, हे तो पुरते जाणून असतो. आणि ड्यूबेदातच्या पत्नीवर, जेनिफरवर, त्याचे मन जडलेले असते.

या प्रेमामुळे मूळचा नैतिक पेच बाजूला पडला, असा आक्षेप घेता येईल. मला मात्र नाटकाचे मर्म येथेच दिसते. कोणाचा जीव अधिक मोलाचा, हे ठरवण्यास जो एकटा बसतो, त्याच्या तराजूत त्याची स्वतःची इच्छा केव्हा जाऊन बसते, हे त्यालाही कळत नाही. शेवटच्या अंकात जेनिफरने आधीच दुसरा विवाह केल्याचे रिजनला समजते, तेव्हा न्यायाचा तो सारा डोलारा क्षणात कोसळतो.

शॉ चुकतात ते अन्यत्र. रिजनचा उपचार खरोखर गुणकारी आहे काय, हे नाटकात कोणीच कसोशीने विचारत नाही. ज्यांच्यावरून हे पात्र सुचले, त्या सेंट मेरीज रुग्णालयातील ऑल्मरॉथ राइट यांची ती पद्धत क्षयचिकित्सेत टिकली नाही. म्हणजे त्या चाळीस जणांना जे नाकारले गेले, ते अमृत होते की नुसते पाणी, हेच अनिर्णित होते! याउलट १९४७ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन दुर्मिळ असताना १०७ क्षयरोगी घेण्यात आले; ५५ जणांना औषध व ५२ जणांना केवळ विश्रांती, ही वाटणी कोणाची योग्यता पाहून नव्हे, तर यदृच्छेने काढलेल्या अंकांवरून झाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्यातील १४ रोगी मृत्यू पावले. आपण कोणत्या गटात आहोत, हे दुसऱ्या गटातील रोग्यांना सांगितलेले नव्हते, हा दोष लहान नव्हे. तथापि आपले अज्ञान मान्य करून निवड करण्यात, योग्यतेच्या अभिमानाने निवड करण्यापेक्षा अधिक न्याय होता, हे नाकारता येत नाही.

१९११ च्या विस्तृत प्रस्तावनेत शॉ यांनी देवीच्या लसीवर झोड उठवली आहे. १९८० साली देवीचे निर्मूलन घोषित झाले, तेव्हा काळानेच तिला उत्तर दिले. परंतु पाय कापण्यातच ज्याची कमाई, त्याला पाय कापावा की नाही हे विचारू नये, हा त्यांचा युक्तिवाद अद्याप अबाधित आहे. आणि समाजाच्या आरोग्याची जबाबदारी समाजानेच उचलावी, हा त्यावरील त्यांचा उपायही विचारार्ह आहे. खेद एवढाच, की प्रस्तावनेतील हा विचार नाटकात उतरला नाही. जागा दहाच का, अकरावी व पन्नासावी का नाही, हे रंगभूमीवर कोणीही विचारत नाही.

१९२१ च्या नव्हे, २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे प्राणवायूसाठी आणि खाटेसाठी घरोघरची माणसे वणवण फिरली. कोणाला खाट द्यावी, हा पेच त्या वेळी डॉक्टरांपुढे आला. पण खाटा किती असाव्यात, हे त्यांनी ठरवलेले नव्हते. ते आधीच, शांततेच्या वर्षांत, आपण सर्वांनी ठरवून ठेवले होते. शॉ यांचे नाटक पुन्हा वाचावे ते यासाठी, की रिजनला दोषी ठरवून झाल्यावर वाचकाची दृष्टी स्वतःकडे वळावी.